आडव्या प्रवाशाचा प्रश्न

नोकरी संपवून जळगाव जामोदला राहायला आले, तेव्हापासून माझ्या ओट्यावर एक वेगळीच ओपीडी सुरू झाली आहे. तापाखोकल्याचं कोणी येत नाही, त्यासाठी गावात डॉक्टर आहेत. माझ्याकडे येतात ते विमानात बसायला निघालेले पेशंट. कोणाचा मुलगा बंगळूरला आहे, कोणाची मुलगी परदेशात बाळंत व्हायची आहे, कोणाला उमऱ्यासाठी मक्केला जायचं आहे. "सिस्टर, बायपास झालेला माणूस विमानात बसते काय?" "मोतीबिंदू काढला मागच्या महिन्यात, डोया फुटन तं नाही ना वर?" एकदा सुलतानपूरहून एक बागायतदार खास गाडी करून आले. बायकोला दमा, घरी ऑक्सिजनचं सिलिंडर ठेवलेलं. तेच घेऊन विमानात बसता येईल का, असं विचारत होते. घरचं सिलिंडर चालत नाही म्हटल्यावर ते म्हणाले, "मंग बाई वर श्वास कायचा घेईन?"

प्रश्न अगदी बरोबर होता. माझी शेवटची सगळी वर्षं ह्याच एका प्रश्नात गेली.

मी मूळची सोनाळ्याची. नर्सिंग शिकून नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्यात अतिदक्षता विभागात लागले. पुढे एका कंपनीत गेले. ही कंपनी आजारी माणसांना नेहमीच्याच प्रवासी विमानातून एका गावाहून दुसऱ्या गावी पोचवायची. सोबत कधी एकटी नर्स, कधी डॉक्टर आणि नर्स. लोकांना वाटतं, विमानातली नर्स म्हणजे हवाईसुंदरीची थोरली बहीण. प्रत्यक्षात आमचं काम पेशंटच्या उशाशी बसून त्याच्या छातीकडे आणि हातातल्या मॉनिटरकडे बघत राहण्याचं. इतक्या वेळा ढगांच्या वरून गेले, पण खिडकीतून बाहेर फारसं पाहिलं नाही. कितीतरी शहरांत जाऊन आले. त्या शहरांतलं मी पाहिलं ते विमानतळ आणि आयसीयू.

विमानात नेमकं काय होतं, ते साध्या भाषेत सांगते. विमान खूप उंचावरून जातं. आतली हवा दाबून ठेवलेली असली तरी ती जमिनीवरच्या इतकी दाट नसते; एखाद्या उंच डोंगरावरच्या गावात असावी तितकी असते. धडधाकट माणसाला ते कळतही नाही. ज्याची फुप्फुसं आधीच काठावर आहेत, त्याला कळतं. दुसरं असं की हवा विरळ झाली की बंद जागेतला वायू फुगतो. चिप्सचं पाकीट विमानात टम्म होतं, ते पाहिलंच असेल. तसंच शरीरातही होतं. पोटाचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर आतड्यातली हवा टाक्यांवर ताण देते. पडद्याच्या ऑपरेशननंतर डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडलेला असेल, तर तो जिरेपर्यंत विमानाचं नावसुद्धा काढायचं नाही. ताज्या प्लास्टरखाली पाय सुजतो, म्हणून प्लास्टर आधी उभं चिरून घेतात. साखरेच्या पेशंटला मी अजूनही बजावते की इन्सुलिन हातातल्या पिशवीत ठेवा. खाली सामानात टाकलं तर गोठून वाया जातं, आणि सामान दुसऱ्या गावी गेलं तर ते वेगळंच.

सुलतानपूरच्या त्या बाईंनाही विमानात बसता आलं. बॅटरीवर चालणारं एक यंत्र मिळतं, ते आजूबाजूच्या हवेतूनच ऑक्सिजन गोळा करून देतं. विमान कंपनीला आधी कळवून, डॉक्टरांचा कागद दाखवून ते नेता येतं. जादा बॅटऱ्या तेवढ्या बरोबर घ्याव्या लागतात.

पण ह्या कामात एक उणीव होती. पेशंटला दवाखान्याच्या पलंगावर सोपवलं की आमचं काम संपायचं. आम्ही परतीच्या विमानात आणि पेशंट त्याच्या नशिबाच्या हवाली. पुढे काय झालं ते क्वचितच कळायचं. शेवटची पानं फाटलेली पुस्तकं वाचत राहावं, तसं वाटे. त्यातल्या एकाच गोष्टीचा शेवट मला आपल्या गावात, आपल्या डोळ्यांनी बघायला मिळाला. ती गोष्ट युसूफभाऊंची.

युसूफभाऊ जळगाव जामोदजवळच्या एका खेड्यातले सुतार. आखाती देशात फर्निचरच्या कारखान्यात कामाला होते. चाळिशीचा, पैलवानासारखा गडी. एकदा पोट बिघडलं, जुलाब झाले, बरे झाले. आठवड्याभराने पायाला मुंग्या आल्या. मग पाय उचलेनात, हात उचलेनात आणि शेवटी श्वासही उचलेना. ह्या आजाराला जीबीएस म्हणतात. आपल्या शरीराची राखण करणारी फौजच भरकटते आणि नसांवरचं वेष्टण खाऊन टाकते. विजेच्या तारेचं प्लास्टिक उंदराने कुरतडावं तसं. माणूस मानेपासून बोटापर्यंत निपचित पडतो, पण डोकं शाबूत असतं. त्याला सगळं ऐकू येतं, सगळं समजतं.

काही महिने ते तिथल्या दवाखान्यात व्हेंटिलेटरवर होते. आम्ही आणायला गेलो तोवर स्वतःचा श्वास स्वतः घेत होते, पण गळ्याला केलेल्या छिद्रात नळी होती, त्यामुळे आवाज नव्हता. ओठांचे नि जिभेचे स्नायूही लुळे पडलेले, त्यामुळे ओठांवरून काही कळायची सोय नाही. हलत होत्या फक्त पापण्या. एकदा मिटल्या तर हो, दोनदा मिटल्या तर नाही.

माझ्याबरोबर डॉक्टर अभिजित होते. पुण्याचे, वयाने तरुण, शांत, हाताला गुण असलेले. त्यांनी पेशंटला हिंदीतून विचारलं, "घर चलेंगे?" पापण्या एकदा मिटल्या. डोळ्यांच्या कडेने पाणी आलं. तिथल्या केरळी सिस्टर म्हणाल्या, घर म्हटलं की नेहमी असंच होतं, रडतात. घरची ओढ, दुसरं काय! मलाही तेच वाटलं.

पडून असलेल्या प्रवाशासाठी विमानातल्या मागच्या काही खुर्च्यांच्या पाठी खाली दुमडतात आणि त्यांच्यावर स्ट्रेचर पक्कं बसवतात. भोवती पडदा. गळ्यातल्या नळीला आतून एक छोटा फुगा असतो, नळी जागच्या जागी राहावी आणि थुंकी फुप्फुसात उतरू नये म्हणून. विमान वर गेलं की हा फुगाही फुगणार आणि श्वासनलिकेला आतून दाबणार. म्हणून उड्डाणाआधी डॉक्टरांनी त्यातली हवा काढून पाणी भरलं. पाणी फुगत नाही. ह्या कामातल्या अशा लहान लहान युक्त्या मला शेवटपर्यंत आवडत राहिल्या.

विमान वर गेलं, पट्टे बांधायचा दिवा विझला, आणि युसूफभाऊंची नाडी धावत सुटली. रक्तदाब चढला. कपाळावर घाम. ऑक्सिजन मात्र ठीक होता. अशा वेळी नर्सचं डोकं ठरलेल्या वाटेने चालतं. नळीत कफ अडकला का? ओढून पाहिला, थोडाच निघाला. लघवीची नळी दुमडली का? नाही. पट्टा आवळला का, पाठीखाली काही टोचतंय का? नाही. ताप नाही. दुखतंय का विचारलं, तर पापण्या दोनदा मिटल्या.

ह्या आजारात नाडी नि रक्तदाब चालवणाऱ्या नसाही बिथरलेल्या असतात. आता पळणारी नाडी घटकेत थांबूही शकते. डॉक्टर हे जाणून होते. झोपेचं औषध देऊन शांत करता आलं असतं, पण त्याने श्वास मंदावला तर विमानात फारच कठीण. ते औषध हातात घेऊन थांबले होते. तेवढ्यात हवाईसुंदरी पडद्याआडून विचारून गेली की कॅप्टन विचारतायत, विमान जवळच्या विमानतळावर उतरवावं लागेल का. डॉक्टर म्हणाले, थोडा वेळ द्या.

मी युसूफभाऊंच्या डोळ्यांकडे बघत होते. ते सारखे माझ्यावरच खिळलेले होते. मी म्हटलं, काही सांगायचंय का? पापण्या एकदा मिटल्या. दवाखान्यात त्यांच्यासमोर इंग्रजी अक्षरांची पाटी धरत, तिचा काही उपयोग झाला नव्हता. मला काय सुचलं कोणास ठाऊक, मी आपल्या बोलीत विचारलं, "भाऊ, शाळा कोनती? मराठी?" एकदा. त्यांच्या खेड्यात उर्दू शाळा नव्हती, हे मला नंतर कळलं.

मग मी स्ट्रेचरला टेकून उभी राहिले आणि क, ख, ग, घ म्हणायला लागले. पडद्यापलीकडच्या बाईंनी डोकावून पाहिलं. त्यांना बहुतेक मी मंत्र म्हणतेय असं वाटलं असावं, त्यांनी हात जोडले. मी म्हणत राहिले. प, फ, ब, भ, म. पापण्या मिटल्या. पुन्हा पहिल्यापासून. त, पापण्या मिटल्या. पुढे काही नाही.

"मत," डॉक्टर म्हणाले. "त्यांचं काही मत आहे का?"

मी काना-मात्रा लावून बघत होते. मात, मोती, माता. आईची आठवण येते का? नाही. आणि मग माझ्या अंगावर काटा आला. मी हळूच विचारलं, "माती?"

पापण्या मिटल्या, आणि बराच वेळ उघडल्याच नाहीत.

"माती म्हणजे? गावची माती?" डॉक्टरांनी विचारलं. पुण्यात मातीचा अर्थ तेवढाच असावा. मी त्यांना सांगितलं की आमच्याकडे मयतीला जायचं असेल तर लोक मातीला जायचं म्हणतात. हा माणूस आपल्याला विचारतोय, माझी माती कुठे करणार आहात.

मला सगळं एकदम दिसलं. आमच्या भागात दवाखान्यातला डॉक्टर जेव्हा म्हणतो, "आता घरी न्या," तेव्हा त्याचा एकच अर्थ असतो. घरात रडारड सुरू होते, पाहुण्यांना निरोप जातात. युसूफभाऊंनी लहानपणापासून हेच पाहिलेलं. त्या परक्या दवाखान्यात त्यांच्या पायथ्याशी उभं राहून लोक त्यांच्याबद्दल इंग्रजीत बोलत, अरबीत बोलत, आणि त्यांच्याशी बोलत ते एवढंच, की घर जायेंगे, घर. तब्येत सुधारतेय, म्हणून प्रवासाला परवानगी मिळाली, हे कागदावर होतं. ते त्यांच्या कानावर कोणी घातलंच नव्हतं. सगळ्यांना वाटलं, दुसऱ्या कोणीतरी सांगितलं असेल.

मी त्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "युसूफभाऊ, इकडं पाहा मायाकडं. तुमाले मराले नाही नेऊन राह्यलो. तुमी बरे होऊन राह्यले. मनून नेऊन राह्यलो. नागपूरच्या दवाखान्यात नेतो, घरी नाही. तिथं तुमाले बसवतीन, उभं करतीन."

ते बघत राहिले. मग डॉक्टर स्ट्रेचरवर वाकले आणि त्यांनी आजार काय, नसा कशा हळूहळू पुन्हा भरून येतात, ह्यातले बहुतेक लोक पुढे चालायला लागतात, हे सगळं अतिशय सोप्या हिंदीत सांगितलं. एखाद्या शिकाऊ डॉक्टरला समजवावं तितक्या आदराने. नाडी काही एकदम खाली आली नाही. ती रेंगाळत, मागेपुढे होत उतरली. दरम्यान पापण्यांनी आणखी एक शब्द दिला, किती. किती दिवस, असं त्यांना विचारायचं होतं. डॉक्टर म्हणाले, खोटं नाही बोलणार, महिने लागतील, कदाचित वर्षही लागेल. त्यावर युसूफभाऊंनी डोळे मिटले. मी घाबरून मॉनिटर पाहिला. त्यांना झोप लागली होती.

हवाईसुंदरीला डॉक्टरांनी सांगितलं की विमान वळवायची गरज नाही. औषध त्यांनी परत पेटीत ठेवलं.

नागपूरला रुग्णवाहिकेपाशी त्यांची बायको रुखसाना आणि मोठा भाऊ उभे होते. मोठ्या भावाने मला जरा बाजूला घेतलं. दवाखान्यात कशाला, थेट गावीच न्यावं, अम्मीला शेवटचं बघता येईल, असं ते हलक्या आवाजात सांगत होते. म्हणजे इकडेही तेच झालं होतं. फोनवर कोणीतरी सांगितलं होतं, घरी पाठवतायत, आणि घराने त्याचा आपला अर्थ लावला होता. लांबचे नातेवाईक येऊन बसले होते. मी भाऊंना आणि रुखसानाला समोरासमोर उभं करून सगळं सांगितलं. भाऊ ऐकता ऐकता तिथेच रस्त्याच्या कडेला खाली बसले.

रुखसाना रडली नाही. तिने एकच विचारलं, "बोलतेत काय?"

"बोलतात, पण वेगळ्या तऱ्हेनं," मी म्हटलं. ती मराठी चौथीपर्यंत शिकलेली होती. रुग्णवाहिकेत बसल्या बसल्या मी तिला रीत दाखवली. ती नवऱ्याच्या तोंडाजवळ वाकून, वर्गात उभं केल्यासारखी, अडखळत म्हणायला लागली. च, पापण्या मिटल्या. मग ष, मग म. ती गोंधळून माझ्याकडे बघायला लागली. मलाही आधी उलगडलं नाही. मग माझं लक्ष तिच्या नाकाकडे गेलं.

"चष्मा," मी म्हटलं. "चष्म्याचं विचारतायत."

तिने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. "तुमी गेल्यावर लागला," ती त्यांना म्हणाली. "व्हिडिओ फोनवर बोलताना काढून ठेवत होती मी." तेव्हा कुठे तिला रडू फुटलं.

त्यांना पलंगावर सोपवून मी माझ्या पुढच्या पेशंटकडे गेले. अधूनमधून त्या दवाखान्यातल्या ओळखीच्या सिस्टरला फोन करत असे. नळी निघाली. आवाज आला, पण घोगरा. आधार देऊन बसवलं. मग त्यांना गावी सोडलं, आणि ह्या वेळी खरोखरच घरी. पुढचं काही कळलं नाही.

जळगाव जामोदला राहायला आल्यावर मी चौकशी करत करत त्यांच्या दुकानापर्यंत पोचले. प्लायवूडचं दुकान आहे. मी नाव सांगायच्या आत ते काठी टेकत उठले आणि म्हणाले, "सिस्टर, आवाजावरून वयखलं तुमाले." डावी बोटं अजून पूर्ण वळत नाहीत. नक्षीचं काम गेलं ते गेलं, ह्याचं त्यांना वाईट वाटतं आणि ते तसं सांगतातही. पुतण्यांच्या हातून कपाटं करून घेतात, आणि फळी जराशी तिरपी बसली तर काठीने दाखवतात. रुखसाना गल्ल्यावर बसते, चष्मा लावून.

चहा आला. माझ्या मनात इतके दिवस एक गोष्ट घोळत होती, ती मी विचारून घेतली. त्या दिवशी विमानात मी म्हटलं, तुम्ही मरत नाही, बरे होताय, ते त्यांना लगेच पटलं होतं का? माझ्या बोलण्याने फरक पडला, असं मी मनाशी धरून चालले होते. हे काम सोडताना तेवढं एक समाधान गाठीशी होतं.

युसूफभाऊंनी खोटं बोलायचं टाळलं. "नाही पटलं," ते म्हणाले. "मरनाऱ्याले सारे असंच सांगतेत, सिस्टर. माया बापाले मीच सांगतलं होतं, अब्बा, तुमी बरे होऊन राह्यले. तुमी लय गोड बोलल्या, मनून मले जास्तच भेव वाटलं."

"मग झोप कशी लागली?"

"थकलो होतो."

मी जरा हिरमुसलेच. म्हटलं, मग पटलं कधी? आणि कशाने?

ते हसायला लागले. त्या घोगऱ्या आवाजात हसणं खोकल्यासारखं येतं. म्हणाले, विमान उतरायच्या जरा आधी तुम्ही माझ्या नळीतला कफ काढत होत्या. मला खोकायला सांगत होत्या आणि मी खोकत नव्हतो. ताकद होती थोडीशी, पण मन नव्हतं. तुम्ही दोनदा सांगितलं, तीनदा सांगितलं. मग चिडल्या. म्हणाल्या, "जोर लाव ना बे!"

मला हे अजिबात आठवत नव्हतं. पेशंटला मी अरेतुरे कधी केलं नाही. बे तर दूरच. मी तसं म्हणाले.

"म्हनलं तुमी," ते म्हणाले. "तवा मले पटलं. मरनाऱ्या मानसाले कोनी बे म्हनत नाही."